शिंपी, तिपाई आणि पाचवे कर्तव्य

३ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

प्रथम एक तक्रार. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, आत शिरताना डाव्या हाताला, एक तिपाई आहे. तीन पाय, एक फळी, वर पाण्याचा जग. अत्यंत सामान्य कुळातली. इतकी वर्षे ती आपली पायरी ओळखून होती. अलीकडे मात्र तिने माझ्याशी उघड वैर धरले आहे. मी दारातून आत पाऊल टाकतो आणि ती माझ्या डाव्या गुडघ्यावर चाल करून येते. या आठवड्यात जग दोनदा आडवा झाला. तुझी मामी म्हणते, तिपाई जागची हललेली नाही. तेव्हा मी शाळेतून खडू आणला, तिच्या तिन्ही पायांभोवती वर्तुळे काढली आणि तिला रंगेहाथ पकडायचे ठरवले. आज सकाळची स्थिती अशी: वर्तुळे जागच्या जागी, तिपाई वर्तुळांत, आणि माझा गुडघा निळा. अशा पुराव्याला न्यायशास्त्रात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण तो माझ्याविरुद्ध जातो म्हणून लिहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. शाळेत आठवीला शब्दरूपे चालली आहेत, म्हणजे मी चालवतो आहे आणि आठवी बसली आहे. तुझ्या मामीने बागेत टोमॅटो लावले आहेत आणि त्यांच्याशी ती माझ्यापेक्षा गोड बोलते. तुझी ड्रायव्हिंग स्कूल कशी चालली आहे? माझ्यानंतर इतका हुशार विद्यार्थी मिळाला नसेल, याची मला कल्पना आहे.

तुझा,
परवानाधारक मामा

ता. क. परवा माझ्या गाडीने एक शिंपी पडला. शिंपी बरा आहे.


६ मार्च

मामा,

जगातली माणसं आधी अपघात सांगतात आणि मग तिपाई. तू एक आख्खं पान तिपाईला दिलंस आणि शिंप्याला ताजा कलम.

पत्र वाचल्याबरोबर फोन केला. तुझा बंद. मामीने उचलला आणि म्हणाली की शिंप्याचं मनगट दुखावलंय, गाडीचा आरसा तुटलाय, आणि बाकीचं ‘ह्यां’च्याच तोंडून ऐक, कारण ह्यांनी मला ताकीद दिलीय की भाचीला मी सविस्तर लिहिणार आहे, मजा घालवू नकोस. मजा? मी वर्गात पंधरा जणांना क्लच शिकवत होते आणि त्यांना ब्रेक दाखवून क्लच म्हणत राहिले.

आता मुद्द्याचं. तुला गाडी मी शिकवली. तू तीनदा परीक्षा दिलीस तेव्हा तिन्ही वेळा फाटकाबाहेर मी उभी होते. शेवटच्या दिवशी, स्कूलच्या अंगणात त्या पत्र्याच्या शेडखाली बसवून मी तुला पाच गोष्टी सांगितल्या होत्या. अपघात झाला तर लगेच थांबायचं, पळायचं नाही. ज्याला लागलंय त्याला मदत करायची, दवाखान्यात न्यायचं. आपलं नाव, पत्ता, परवाना, गाडीचा नंबर समोरच्याला द्यायचा, मागितला नाही तरी. पोलिसांना कळवायचं, आणि विमा कंपनीलाही. आणि जे झालं ते खरं सांगायचं. त्यातलं काय केलंस आणि काय नाही, ते क्रमाने लिही. शब्दरूपं नकोत.

तुझी भाची, जिच्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकमुळे तू आजवर जिवंत आहेस


९ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

‘क्रमाने लिही’ ही तुझी आज्ञा शिरोधार्य. पण त्याआधी एक गोष्ट तुला कबूल करावी लागेल, की तुझी पाच कर्तव्ये अत्यंत उपयुक्त असली तरी त्यांना चाल नव्हती. चाल नसलेली गोष्ट माझ्या डोक्यात टिकत नाही. म्हणून परवाना हातात पडला त्याच रात्री मी ती श्लोकात बांधून ठेवली होती. तुला दाखवली नव्हती, कारण तू हसली असतीस. आता हसून घे:

स्थेयं साह्यं ततो नाम वार्ता सत्यं च पञ्चमम् ।
कर्तव्यं चालकस्यैतदपघातादनन्तरम् ॥

थांबावे, साह्य करावे, मग नाव द्यावे, वार्ता कळवावी, आणि पाचवे सत्य. अपघातानंतर चालकाने करायचे ते हे. गाडीत बसताना मी रोज एकदा म्हणतो. लोक सीटबेल्ट लावतात, मी श्लोक आणि सीटबेल्ट दोन्ही.

तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी निघालो होतो. चौकात सिग्नलला थांबलो, दिवा हिरवा झाला, निघालो. लाँड्रीच्या दुकानापाशी डाव्या बाजूला खाडकन आवाज झाला. डावा आरसा लटकला, मागच्या दारावर काहीतरी खरवडत गेले, आणि मागे पाहिले तर रस्त्यावर एक सायकल, एक मनुष्य आणि सात-आठ विजारी.

मी थांबलो. जागच्या जागी. दार उघडून बाहेर आलो आणि, खोटे कशाला सांगू, डोके पूर्ण रिकामे झाले. पुढे काय करायचे ते काही सुचेना. मग सवयीने श्लोक सुरू केला. आणि तुला ठाऊक आहे, पाठ केलेले मी मनात म्हणू शकत नाही, मला मोठ्यानेच म्हणावे लागते. तेव्हा दृश्य असे की रस्त्यावर एक मनुष्य आडवा, आणि त्याच्या उशाशी एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ हात जोडून खणखणीत आवाजात संस्कृत म्हणतो आहे. हात का जोडले ते मला विचारू नकोस. बघ्यांपैकी दोघांनी टोप्या काढल्या.

त्या मनुष्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, “साहेब, इतक्यात नको. आधी हात द्या.”

ते आमचे शिंपी. लाँड्रीच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचे दुकान आहे; तयार विजारी गिऱ्हाइकांना पोचवायला निघाले होते. उजवे मनगट धरून बसले होते. त्यांच्याच गळ्यातल्या मापाच्या फितीने मी त्यांचा हात गळ्यात बांधला. ते म्हणाले, बांधलंय बरं, पण फीत उलटी लागलीय. एवढे बोलणारा माणूस वाचतो, असे मी मनाशी धरले आणि त्यांना माझ्या गाडीत बसवले.

येथे शास्त्रार्थ उपस्थित झाला. चौकातला पोलीस धावत आला आणि म्हणाला, गाडी बाजूला घ्या. मी म्हणालो, मुळीच नाही, स्थेयम्, घटनास्थळ आहे तसे राहिले पाहिजे. मागे चौकापर्यंत रांग लागली. भोंगे वाजू लागले. पोलिसाने फोटो काढले, चाकांपाशी खुणा केल्या, माझे नाव लिहून घेतले आणि तरी मी हलेना, तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, “सर, दवाखान्यात न्यायचा माणूस तुमच्याच गाडीत बसलाय.” तेव्हा माझ्या ध्यानात आले. दोन नियमांचा झगडा झाला तर नंतरचा नियम बलवान, असे आमचे व्याकरण सांगते. साह्य नंतर येते. मी गाडी काढली.

हाड शाबूत आहे. मनगट मुरगळले आहे, पट्टा घातला आहे, काही आठवडे कात्री धरायची नाही. नाव-पत्ता मी त्यांना दिला; कागद नव्हता म्हणून त्यांच्याच खडूने एका विजारीच्या आतल्या अस्तरावर लिहून दिला. पदव्यांसकट. त्यामुळे दुसरा पायही लागला. संध्याकाळी ठाण्यात जाऊन रीतसर वर्दी दिली, सायकल अचानक मध्ये आली असे सांगितले, आणि विम्याचे पत्र तुझ्या मामीने धाडले. आता चोवीस तारखेला आम्ही दोघांनी ठाण्यात जाऊन लेखी जबाबावर सह्या करायच्या आहेत.

मला वाटते मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण आहे.

तुझा,
स्थेय-साह्य-निष्णात मामा

ता. क. तिपाईने काल पुन्हा हल्ला केला.


१२ मार्च

मामा,

श्लोक वाचून मी हसले. मग स्कूलमधल्या पोरांना फळ्यावर लिहून दिला. दोन जणांना पाठही झाला आणि तिसऱ्याने विचारलं की हा परीक्षेला आहे का. थांबणं, मदत, नाव, वर्दी: चारही गोष्टी तू मी शिकवल्यापेक्षा चांगल्या केल्यास, हे मी लिहून देते. विजारीच्या अस्तराबद्दल काही बोलत नाही.

पण पाचव्याचं काय? चार ओळी तू रंगवून लिहिल्यास आणि पाचवी एका वाक्यात उरकलीस: ‘सायकल अचानक मध्ये आली.’ मामा, मी रोज ठोकलेल्या गाड्या बघते. कुणी अचानक मध्ये आलं की लागतं ते पुढच्या कोपऱ्याला, दिव्यापाशी. तुझा पुढचा कोपरा धड आहे. लागलाय तो आरसा, आणि ओरखडा मागच्या दारावर. म्हणजे शिंपी कुठून आला नाही. तो तुझ्या पुढे डाव्या कडेने सरळ चालला होता, आणि तू मागून येऊन त्याला घासून गेलास. सिग्नलपासून लाँड्रीपर्यंत तो तुझ्या नजरेसमोर असणार.

मग तू बघत कुठे होतास? मला माहीत आहे. तू श्लोक रचत होतास. स्टिअरिंगवर बोटांनी मात्रा मोजायची सवय मी तुझी तेव्हाच मोडायला हवी होती.

हे बघ, लक्ष नव्हतं तर नव्हतं म्हण. माणसाकडून चूक होते, कायद्याला ते कळतं. दंड होईल, ओरडा बसेल, विमा आहे. पण जबाबात खोटं लिहून सही केलीस तर तो निराळा गुन्हा. आणि तुझं ते एक वाक्य कागदावर गेलं की चूक शिंप्याची ठरते. अजून सही झालेली नाही. चोवीस तारखेच्या आत जाऊन दुरुस्त कर.

भाची

ता. क. आणि ती तिपाई उचलून दुसरीकडे ठेव. एवढ्या शिकलेल्या माणसाला हे सुचत नाही?


१७ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवले, फक्त मधला भाग गाळून. तू वकील का झाली नाहीस, असे तिने विचारले. मी म्हणालो, वकिलाला समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे लागते.

तिपाई हलवली आहे. आता ती खिडकीखाली असते. आज सकाळी मी दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटला. या घरातले लाकूडच माझ्यावर रुष्ट आहे.

शाळा सुटली की मी आता शिंप्यांच्या दुकानात जातो. पायी. त्यांचा उजवा हात मी बंद केला, तेव्हा तो हात काही दिवस मी व्हावे, हे मला योग्य वाटले; त्यांना तितकेसे वाटले नाही. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मशीन, कापायचे टेबल, भिंतीला कागदी नमुने, आणि एक उभा आरसा ज्यात सगळे गिऱ्हाईक बारीक दिसते. ते म्हणतात धंद्याला बरा पडतो. ते तोंडाने सांगतात, मी खडूने रेघा मारतो. पहिल्या दिवशी मी एका विजारीची आखणी केली. ते ती बघून म्हणाले, “सर, गिऱ्हाइकाचा डावा पाय इतका आखूड नाही. मी माप घेतलंय.” तेव्हापासून मला काज-बटणे दिली आहेत. काकू, म्हणजे त्यांची बायको, चहा आणतात. काल त्यांनी कप माझ्या डाव्या कोपराशी ठेवला आणि तो सगळा एका नव्या कोटावर गेला. शिंपी म्हणाले, आता हा कोट चहाच्या रंगाचाच विकू.

शाळेतही एक गंमत. खिडकीकडच्या रांगेतली मुले या वर्षी किती शांत आहेत, असे मी मुख्याध्यापिकाबाईंना कौतुकाने सांगितले. त्या म्हणाल्या, ती मुले माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. आम्ही हात वर करतो, सर आमच्याकडे बघतच नाहीत, उजवीकडच्यांनाच विचारतात. मी त्यांना म्हणालो, विद्या विनय देते, हात का वर करायचे, तोंडाने बोलावे.

आता तुझ्या आरोपाविषयी. श्लोक रचत होतो, असे मान्य करून टाकावे म्हणतो. अपराधच करायचा तर तो निदान प्रतिभेचा असावा. पण एक अडचण झाली आहे, आणि ती मला गमतीने लिहिता येत नाही.

शिंप्यांची सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. चाक सरळ करून आणले, घंटी नवी बसवली, पण ते तिला हात लावत नाहीत. मी विचारले, मनगटामुळे का? ते म्हणाले, नाही, मनगट काय, एका हाताने चालवतो मी, जन्म गेलाय. मग सुई तोंडात धरून म्हणाले, “तुम्ही म्हणालात मी मध्ये आलो. मी तर कडेकडेने चाललो होतो असं मला वाटत होतं. पण तुम्ही शिकवणारे माणूस, तुम्ही खोटं कशाला सांगाल? मीच आलो असेन. वय झालं की आपलं आपल्याला कळत नाही, सर. मी चोवीस तारखेला तसं लिहून देतो. आणि आता सायकल नको.”

मी बटण लावत राहिलो. घरी आल्यावर कळले, ते मी माझ्याच सदऱ्याच्या बाहीला शिवले होते.

तुझा,
मामा (काज-बटणे विभाग)


२० मार्च

मामा,

मी चुकले. तू श्लोक रचत नव्हतास. श्लोक तू परवाना मिळाला त्या रात्रीच रचला होतास, तूच लिहिलंयस. आणि तरी माझा आरोप तू आनंदाने पदरात घेतलास. माणूस खोटा आरोप आनंदाने कधी घेतो? जेव्हा खऱ्याला तो झाकतो.

तुझी सगळी पत्रं समोर ठेवून बसले. तिपाई डावीकडे. चौकट डावीकडे. विजारीचा डावा पाय. चहाचा कप. खिडकीकडची रांग, तुमच्या वर्गात शिक्षकाच्या डाव्या हाताला खिडकी आहे, मी त्या वर्गात बसलेय. आणि शिंपी.

माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की गाडीला हात लावायच्या आधी मी त्याला खुर्चीवर बसवते. एक डोळा झाकायचा, माझ्या नाकाकडे बघायचं, आणि मी बाजूला बोटं हलवते. दिसली की ‘हो’ म्हणायचं. तू तेव्हा दोन्ही डोळ्यांनी दोन्हीकडे ‘हो’ म्हणाला होतास, आणि माझ्या नाकावर काहीतरी भाष्यही केलं होतंस. आज मामीला सांग, तुझ्यासमोर बसायला. तिला कसं करायचं ते मी फोनवर सांगितलंय.

गाडीची किल्ली मामीकडे दे. आज, पत्र वाचून संपायच्या आत.

आईला विचारलं, आजोबांची दृष्टी कशाने गेली होती. ती मग म्हणाली, तुझ्या मामाला विचार, त्यांच्याजवळ तोच असायचा.

तुझीच भाची


२५ मार्च

चि. भाचीस,

किल्ली तुझ्या मामीकडे आहे. ती तिने पिठाच्या डब्यात ठेवली आहे, आणि मला ते ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे.

परीक्षा त्याच संध्याकाळी झाली. तुझ्या मामीला बोटे हलवणे पोरकट वाटले म्हणून तिने दोन मोठे चमचे घेतले. समोर खुर्ची टाकून बसली, उजवा डोळा झाकायला लावला आणि म्हणाली, नाकाकडे बघा. इतक्या वर्षांत तिच्या नाकाकडे मी इतक्या निष्ठेने कधी पाहिले नव्हते. चांगले नाक आहे. उजवीकडचा चमचा हलला, मी ‘हो’ म्हणालो. मग बराच वेळ काही होईना. मी म्हणालो, डावीकडचा केव्हा सुरू करणार?

ती म्हणाली, “मी कधीची हलवतेय.”

मग तिने दोन्ही चमचे मांडीवर ठेवले आणि आम्ही टोमॅटोविषयी बोललो.

काल चोवीस तारीख. मी सकाळीच शिंप्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, सायकल काढा, सोबत घेऊन जाऊ. ते म्हणाले, कशाला? मी म्हणालो, ती साक्षीदार आहे. आम्ही दोघे चालत निघालो, मध्ये सायकल. ठाण्यात तोच चौकातला पोलीस होता. मला बघून त्याने आधी बाहेर नजर टाकली, गाडी रस्त्यात उभी केली नाही ना म्हणून. त्याने जबाबाचा कागद पुढे ठेवला. त्यावर माझे ते वाक्य होते.

मी म्हणालो, हे दुरुस्त करायचे आहे. हे अचानक आले नाहीत. हे तिथेच होते, सिग्नलपासून, कडेने, सरळ. मी त्यांना पाहिलेच नाही. मला डाव्या बाजूचे दिसत नाही. त्या दिवशी मला ते कळले नव्हते, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण थोडे कळले होते. तिपाईने सांगितले होते. मी ऐकले नाही आणि गाडी घेऊन गेलो.

पोलिसाने पेन खाली ठेवले आणि विचारले, कोणती तिपाई? तेही सगळे सांगावे लागले. ते जबाबात लिहून घ्यायचे की नाही, यावर त्याने साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, लिहा. तेव्हा तुझ्या मामीच्या स्वयंपाकघरातील तिपाई आता सरकारदरबारी नोंदलेली आहे. दंड होईल. परवाना तिथेच जमा केला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आल्याशिवाय परत मागू नका, असे साहेब म्हणाले. मी म्हणालो, दाखला आला तरी मागणार नाही. तुझी तीन परीक्षांची मेहनत वाया गेली, याबद्दल क्षमस्व.

 मला वाटले, आता शिंपी बोलतील ते बोलतील, आणि त्यांना तो हक्क आहे. बाहेर पायरीवर आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे मी सरळच चाललो होतो ना?”

मी म्हणालो, “अगदी सरळ. रेघ मारल्यासारखे.”

“तुमची रेघ नको,” ते म्हणाले, आणि सायकलवर बसले. एक हात हँडलला, पट्टा बांधलेला हात पोटाशी. ठाण्याच्या अंगणात त्यांनी एक फेरी मारली. नवी घंटी दोनदा वाजवली, कारण नसताना. मग उतरले आणि सायकल हाताने धरून माझ्या डाव्या अंगाला आले. मी म्हणालो, इकडे कशाला, उजवीकडून चला, तिकडे मला दिसता. ते म्हणाले, उजवीकडचं तुम्ही बघा, डावीकडचं माझ्याकडे. आणि लाँड्रीपर्यंत ते तसेच चालले. वाटेत दोन खड्डे आणि एक कुत्रा त्यांनी मला सांगून चुकवला.

आता ते, जे मी इतक्या पत्रांतून लिहिले नाही. फोन मी याचसाठी बंद ठेवत होतो. माझा आवाज तू ओळखला असतास. कागदावर मला लपता येते.

अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, काचबिंदू होता. तोही एका कडेनेच सुरू झाला. आधी ते दारांना आपटत, आणि आम्ही हसायचो. तेही हसायचे. कळले तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटची वर्षे मी रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवत असे. पुस्तक मात्र त्यांच्याच हातात लागायचे, पाने तेच उलटत. कधी कधी त्यांच्या हातात पुस्तक उलटे असायचे, आणि मी ते सांगत नसे. माझ्या हातातल्या प्रतीवरून वाचत राहायचो.

मला दंडाची काळजी नाही. गाडीचे दुःख नाही. शिंप्यांचा हात पुढच्या महिन्यात कात्री धरेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. मला भीती वाटते ती एवढीच, की एक दिवस मी पुस्तक उलटे धरेन आणि मला ते कुणी सांगणार नाही.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. तुझी मामी येईल म्हणते. पण तू ये. फोन सुरू केला आहे.

मामा